बूट घातलेली अक्षरं

माझ्या भाचीचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिने तसं बजावलं आहे. एरवी मी कुणाचं ऐकणारी बाई नाही, पण हे ऐकते. नाव मीच ठेवलेलं. भडगावला भावाच्या घरी पाळण्यावर वाकून मी ते तिच्या कानात सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे आयाबायांनी माझ्या पाठीत धपाधप बुक्के घातले. एकीने त्यात मागचा कुठला तरी राग काढून घेतला असावा, कारण पाठ नंतरही दुखत राहिली. नाव तीन अक्षरी, सुटसुटीत, दुरून हाक मारायला सोपं. लेकरू शांत झोपलेलं होतं आणि मी स्वतःवर फार खूश होते.

मी जळगावात लग्नपत्रिकांच्या दुकानात मजकूर लावते. आधी शाई आणि बोरूने हाताने नावं काढायची, मग कॉम्प्युटर आला तो शिकले. अर्ध्या खानदेशाच्या पत्रिका माझ्या हाताखालून गेल्या, माझी स्वतःची तेवढी छापायची राहून गेली. मला त्याचं दुःख नाही. नातेवाइकांना आहे, ते त्यांना करू देते.

या दुकानात मला एक प्रकार चांगला जमायचा, तो म्हणजे पोकळ अक्षर. अक्षराच्या नुसत्या कडा काढायच्या आणि पोट रिकामं सोडायचं. कागद रंगीत असेल तर तोच रंग अक्षराच्या पोटात दिसतो, वेगळा रंग भरावा लागत नाही. दुकानात इंग्रजी पत्रिकांचे नमुने असायचे. त्यातल्या छापील अक्षरांना खाली टेकायला बारीक पट्ट्या असतात, त्या मला फार आवडायच्या. मी त्या उचलून मराठीला लावल्या. काना जिथे खाली संपतो तिथे दोन्ही बाजूंना थोडी पट्टी, वेलांटीच्या टोकालाही एक. शिरोरेघ मी कधी पट्टीने ओढली नाही. ती माझ्या हातून जराशी झोल खाऊनच यायची, कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी. मालक चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "अक्का, हाई लगीननं शे का सर्कसनं?" पण गिऱ्हाईक तेच मागायचं, म्हणून ते पुढे काही बोलायचे नाहीत.

भाची शाळेच्या सुट्टीत जळगावला माझ्याकडे राहायला यायची. मी काम करत असताना टेबलावर हनुवटी टेकून बघत बसायची. तिच्या वह्यांवरची नावंही मी त्याच अक्षरांत काढून द्यायची. एकदा ती म्हणाली, "आत्या, तुझ्या अक्षरांनी बूट घातलेत." मग तोच शब्द आमच्यात पडला. ती वही पुढे करायची आणि म्हणायची, "बूटवाली काढ." मी काढायची. तिच्या नावातलं मधलं अक्षर जरा ढेरपोटं येतं. ते मी मुद्दाम आणखी फुगवायची आणि ती रुसायची. रुसून स्वतःच पुसायला जायची, पण पुसायची मात्र नाही.

तिचं लग्न शिंदखेड्याच्या मुलाशी ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. आमच्याकडे अजूनही बऱ्याच घरांत सासरचे लोक नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात नवं नाव लिहितो आणि सगळे टाळ्या वाजवतात. ती म्हणाली, मला माझं नाव हवं. बोलणीच्या दिवशी ओसरीवर दोन्हीकडची माणसं बसलेली असताना मी ते सरळ बोलून टाकलं. माझा भाऊ एरवी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही, पण तो म्हणाला, "आमनी पोरनं नाव बदलानं नही. अक्कानी ठेयेल शे." मुलाकडचे एक नाना हसले आणि म्हणाले, नावात काय आहे, राहू द्या. मुलगाही हसला. मला तो तेव्हा आवडला होता. उगीच खोटं का बोलू.

ही पत्रिका कॉम्प्युटरवर करायची नाही असं मी ठरवून टाकलं. तिचं नाव आणि त्याचं नाव मी हाताने काढली, एका ओळीत, बूट घातलेल्या पोकळ अक्षरांत. तिच्या नावाच्या शेवटच्या अक्षराचा पाय आणि त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराचा पाय एकमेकांना लागतील न लागतील इतके जवळ आणले. इतकं चांगलं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. पहिली पत्रिका देवापुढे ठेवताना वहिनीने नुसत्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं नाही, तर ती बोटाच्या टोकाने तिच्या नावाच्या रिकाम्या पोटांत हळद भरत बसली. चार वेळा हाका मारल्या तरी उठली नाही. मी घराच्या भिंतीवरही तीच अक्षरं काढली. गल्लीतल्या बाया येऊन बघून जायच्या. भाऊ दाराशी खुर्ची टाकून बसलेला आणि सगळं हाताने काढलंय म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "दखा, बठ्ठं हातनं शे."

लग्नानंतर दुकानात जो येईल तो ती पत्रिका दाखवून म्हणायला लागला, अशीच अक्षरं पाहिजेत. प्रत्येकासाठी हाताने कुठवर काढणार? मालकांनीच सुचवलं, अक्का, याचा फॉन्ट करून टाका. मला तो करता येत नव्हता. मी शिकले. उन्हाळ्यात हातात घेतलेलं काम दिवाळीच्या तोंडाशी संपलं. सगळी मुळाक्षरं, काने, मात्रा, जोडाक्षरं. मी सुरुवात त्या दोन नावांतल्या अक्षरांपासून केली, कारण तीच सगळ्यात चांगली उतरली होती. तिच्या मधल्या अक्षराच्या पोटावरून व, ब आणि क बेतले. त्याच्या नावातल्या एका अक्षराचा पाय लांब आणि ऐटदार आला होता, तो उचलून बाकीच्यांना दिला. शिरोरेघेचा झोल तसाच ठेवला, कॉम्प्युटर तो सरळ करायला बघत होता तरी. दोन्ही नावं तर पत्रिकेवर होती तशीच्या तशी ठेवली. तेवढी अक्षरं पाठोपाठ टाइप केली की पत्रिकेवरचीच ओळ उमटायची, पायाला पाय लागेल न लागेल अशी. हा माझा लाड होता. कुणाला कळणारही नव्हता.

शेवटी कॉम्प्युटरने फॉन्टचं नाव विचारलं. मी क्षणभरही विचार केला नाही.

भाची दिवाळीला आली तेव्हा मी तिला पडद्यावरची यादी दाखवली. इतर सगळ्या नावांच्या मधे तिचं नाव होतं. तिने दोन्ही हात तोंडावर धरले आणि मग हसतच सुटली. "आत्या, मी मशीनमध्ये गेले!" परत जाताना तिने तो फॉन्ट पेनड्राइव्हवर मागून घेतला. शिंदखेड्याला तिच्या नवऱ्याच्या मित्राचं फ्लेक्सचं दुकान होतं, त्याला तिने स्वतःच्या हाताने नेऊन दिला. सासरी मिरवण्यासारखं तिच्याकडे हे एवढंच असावं, हे मला आता वाटतं. तेव्हा मला वाटलं होतं की पोर सुखात आहे.

फॉन्टला पाय फुटले. या दुकानातून त्या दुकानात, पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर, कुणी कुणाला विचारत नाही. पाचोऱ्याला स्टेशनाबाहेर कुल्फीच्या गाडीवर दिसला. धुळ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या बोर्डावर दिसला. तिथे अक्षरांपेक्षा भावी नगरसेवकाच्या मिशाच जास्त दिसत होत्या. बारशाचे, लग्नाचे, साखरपुड्याचे बोर्ड तर त्यातच. आणि या धंद्यातली माणसं फॉन्टला नावानेच हाक मारतात. दुकानादुकानातून माझ्या भाचीचं नाव घेतलं जाऊ लागलं. "तिच्यात टाक", "तिला जरा मोठी कर", "ती जाड मिळत नाही का, अक्का?" फोनवर असं कुणी विचारलं की मी हसून हसून बेजार व्हायची. भाची कुठेही बोर्ड दिसला की फोटो काढून पाठवायची, खाली लिहायची, मी इथेपण.

मग हळूहळू फोटो यायचे बंद झाले. संसारात रमली असेल, असं मी म्हटलं.

ती रमली नव्हती. त्याचं मन लग्नाच्या आधीपासून दुसरीकडे होतं, घरच्यांनी ते दाबून इथे लग्न लावलं होतं. भांडण नाही, मारहाण नाही, नुसतं एका घरात दोन परके. एक दिवस ती बॅग घेऊन भडगावला आली आणि परत गेली नाही. मिटवामिटवी झाली, कोर्टात दोघांच्या संमतीने घटस्फोटावर सह्या झाल्या. वहिनी दिवसच्या दिवस स्वयंपाकघरातून बाहेर येत नव्हती. भिंतीवरची नावं भावाने एका सकाळी कुणालाही न सांगता रंगवून टाकली. मला कळलं तेव्हा वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

तिचं सामान आणायला आम्ही दोघी टेम्पोने शिंदखेड्याला गेलो. कपाट, भांडी आणि तिची शिलाई मशीन. शिवण तिला लहानपणापासून येत होती आणि मशीन माहेरची होती. मशीन सोडायची नाही, एवढंच ती सारखं म्हणत होती. गावात शिरताना चौकात टेम्पो थांबला, पुढे बैलगाडी आडवी होती. वर मोठा बोर्ड. शुभविवाह. त्याचं नाव होतं, माझ्या अक्षरांत. मी हाताने काढलं होतं तेच, तोच लांब ऐटदार पाय, रेघ न रेघ. शेजारी दुसऱ्या मुलीचं नाव.

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण नजरही हलवली नाही. पूर्ण बोर्ड वाचला, खालची निमंत्रकांची नावंसुद्धा. मग म्हणाली, "आत्या, अक्षरं छान बसलीत."

"चल, बघू नको," मी म्हटलं.

"दुकान त्याच्या मित्राचं आहे. मीच हा फॉन्ट दिला होता ना त्याला." ती शांत आवाजात बोलत होती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "हे करताना त्या मित्राने यादी उघडली असेल. त्यात माझं नाव शोधलं असेल, त्याच्यावर क्लिक केलं असेल. तेव्हा त्याला काहीच वाटलं नसेल का गं?"

टेम्पोवाला म्हणाला, ताई, निघू का? मी म्हटलं, निघ बाबा. तिच्या सासरहून आम्ही सामान आणि मशीन टेम्पोत चढवलं. परतीच्या वाटेवर ती मशीनवर हात ठेवून मागेच बसली. भडगावला पोचल्यावर दारात थांबून मला म्हणाली, "आत्या, माझं नाव त्या फॉन्टवरून काढ. मला ते परत पाहिजे."

मागून मागून तिने एवढंच मागितलं आणि तेवढं सोपं असेल असं मलाही वाटलं. जळगावला येऊन मी फॉन्टचं नाव बदललं. एक बिनकामाचं, कुणाचंच नसलेलं नाव दिलं. मग नवी फाईल घेऊन दुकानं फिरले. जळगाव, पाचोरा, भडगाव, धुळे. शिंदखेड्याला गेले नाही, तिथे माझं तोंड सुटलं असतं. सगळे ऑपरेटर ओळखीचे, चहा पाजायचे, माझ्यासमोर जुनी फाईल काढून नवी टाकायचे. आणि मी पायरी उतरते न उतरते तोवर आतून आवाज यायचा, "अरे, तो तिच्यात केलेला बॅनर उघड." एकाने मला समजावलं, "अक्का, तुम्ही फाईल बदलली, पण तोंडात बसलंय ते बसलंय. आणि माझ्याकडची काढली तरी आणखी कुणाकुणाकडे आहे, तुम्हाला कुठे माहीत?" तो बरोबर बोलत होता आणि मला त्याचा राग आला. राग घेऊन मी आणखी दोन-चार दुकानं फिरले आणि मग थांबले.

भाची धुळ्याला गेली. भडगावात सगळे ओळखतात, दर लग्नाला कुणीतरी हळूच विचारतं. धुळ्यात तिने देवपूर भागात रस्त्यालगत एक खोली घेतली, मशीन लावली, बायकांना शिवण शिकवायचं ठरवलं. बोर्ड करायला तिने मला बोलावून घेतलं. आम्ही जवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात गेलो. मी तिथे कधी गेले नव्हते आणि तो माणूस आम्हा दोघींनाही ओळखत नव्हता. माणूस मात्र मोठा हौशी. बायकांचा क्लास म्हटल्यावर त्याने खुर्च्या पुढे सरकवल्या, पडदा आमच्याकडे फिरवला आणि फॉन्टची यादी उघडली.

"ताई, लेडीज कामाला एक नंबर फॉन्ट शे माझ्याकडे," तो म्हणाला. "बघा, पोकळ अक्षर, खाली पाय. बायांना लई आवडतं." आणि त्याने ते नाव मोठ्याने घेतलं. मी कानात सांगितलेलं नाव, तिच्यासमोर, तिच्याकडे न बघता, जसं कुणी कापडाच्या वाणाचं नाव घ्यावं.

मी काहीतरी बोलायला गेले, तर तिने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तो नको," ती म्हणाली. "साधं अक्षर करा. जाड. रस्त्यावरून दिसेल असं."

त्याचं जरा मन मोडलं. "ठीक शे, तुमची मर्जी." त्याने साधं अक्षर लावलं आणि टाइप करायला बोटं तयार ठेवली. "वरती नाव काय टाकू, ताई?"

ती पडद्याकडे बघत राहिली. तो वाट बघत होता. मीही वाट बघत होते. मला वाटलं ती आता नाव सांगेल, हा माणूस चमकेल, थोडा ओशाळेल, आपण सगळे हसू, आणि नाव पुन्हा तिचं होईल. मला खरंच असं वाटलं.

"नाव नको," ती म्हणाली.

"नावाशिवाय कसं, ताई? लोक कुणाकडे येतील?"

"शिवण क्लास टाका. खाली ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको. आणि मोबाईल नंबर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मोठ्या माणसाने समजवावं म्हणून. मी काय समजवणार? मी मान खाली घातली.

बोर्ड लागला. रस्त्यावरून दिसतो. क्लासही बरा चालतो. बाया येतात, शिकतात, घरच्या गप्पा करतात. मी मधूनमधून जाऊन राहते. तिचं मशीनवरचं काम सुबक आहे, आणि आता कधीकधी ती हसतेही. दुकानात मी पोकळ अक्षर काढायचं सोडलं. कुणी मागितलं तर दुसऱ्याकडे पाठवते. मालकांना वाटतं माझे डोळे गेले, तर वाटू दे.

मागच्या वेळी मी गेले तेव्हा दारात एक बाई भेटली, क्लासला येणारी. मला म्हणाली, तुम्ही मॅडमच्या आत्या ना? मॅडम फार चांगलं शिकवतात. मी म्हटलं, हो. मग तिने सहज विचारलं, मॅडमचं नाव काय हो? आम्ही इतके दिवस येतोय, कुणालाच माहीत नाही.

आतून मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. मी त्या बाईला म्हटलं, तिलाच विचारा. बाई हसून निघून गेली, आणि जरा वेळाने मशीन पुन्हा सुरू झाली.